पांढरा तारा आणि त्यावरचा चिखल

रणगाड्यांची लहान मापातील प्रतिरूपे जोडून रंगवण्याचा छंद मला गेली अनेक वर्षे आहे, आणि या छंदातील सर्वांत कंटाळवाणे काम कोणते असे कोणी विचारले तर मी निःसंशय डेकॅल चिकटवण्याचे नाव घेईन. पाण्यात भिजवलेले ते पापुद्र्यासारखे चिन्ह चिमट्याने उचलायचे, श्वास रोखून योग्य जागी सरकवायचे आणि ते फाटले नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकायचा, असा तो प्रकार असतो. एकास पस्तीस मापाचा अमेरिकी शर्मन रणगाडा परवा पूर्णत्वास आला, तेव्हा त्याच्या वरच्या पृष्ठभागावरील पांढरा तारा आणि त्याभोवतीचे जागोजागी तुटलेले वर्तुळ माझ्या हातून दोनदा फाटले. तिसऱ्या खेपेस ते नीट बसल्यावर मी रणगाडा थोडा दूर धरून पाहिला आणि आजवर न सुचलेली एक गोष्ट मला खटकली. ज्या यंत्राला मळकट हिरव्या रंगाने झाडीत मिसळून टाकण्याचा एवढा खटाटोप केला होता, त्याच यंत्रावर सैन्याने स्वतःच्या हाताने एवढा ठळक पांढरा तारा का रंगवला असेल?

उत्तर अर्थातच ठाऊक होते. आपल्याच बाजूच्या माऱ्यात आपलीच माणसे बळी पडू नयेत, म्हणजे ज्याला फ्रेंडली फायर म्हणतात तो प्रसंग टळावा, यासाठी ते चिन्ह असते. परंतु उत्तर ठाऊक असणे निराळे आणि त्यातील अडचण कळणे निराळे. हे चिन्ह मित्राला दिसले पाहिजे आणि शत्रूला दिसता कामा नये, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते, आणि प्रकाश मात्र मित्र आणि शत्रू असा भेदभाव करत नाही. लष्करी वाहनांवरील ओळखचिन्हांचा शंभरएक वर्षांचा इतिहास मी जसजसा वाचत गेलो, तसतसे या अपेक्षेचे ओझे चिन्हाला कधीच पेलवलेले नाही असे माझे मत होत गेले.

प्रथम डोळ्यांच्या मर्यादेविषयी लिहितो, कारण तिचा अनुभव मी घरबसल्या घेतला. सर्वसाधारण निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे, म्हणजे एका कलेएवढे, अंतर वेगळे ओळखता येते. एक किलोमीटरवर याचा अर्थ सुमारे २९ सेंटिमीटर होतो. शर्मनच्या बाजूवरचा तारा साधारण अर्ध्या मीटरचा धरला, तर एक किलोमीटरवरून तो डोळ्याला जेमतेम दोन ठिपक्यांएवढा भासणार. माझ्या प्रतिरूपाच्या मापात एक किलोमीटर म्हणजे साडेअठ्ठावीस मीटर. तेवढ्या अंतरावर रणगाडा ठेवून मी पाहिले, तेव्हा पांढरे काहीतरी आहे एवढे कळत होते. पण तो तारा आहे, क्रूस आहे की वाळलेला चुना आहे, हे सांगणे मला अशक्य झाले. मी निवांत उभा होतो, उजेड भरपूर होता, माझ्यावर कोणी गोळ्या झाडत नव्हते आणि तो रणगाडा मीच रंगवलेला होता, ही वस्तुस्थिती येथे नोंदवून ठेवतो. रणगाड्यातील गनरला, म्हणजे तोफ डागणाऱ्या सैनिकाला, दुर्बीण असते हे खरे. परंतु धूळ, धूर, हलते लक्ष्य आणि आधी तोफ कोण डागतो ही घाई त्या दुर्बिणीचा बराच फायदा खाऊन टाकते.

ताऱ्याभोवतीचे वर्तुळसुद्धा याच गोंधळातून जन्माला आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वाहने उत्तर आफ्रिकेत उतरली तेव्हा त्यांच्यावर नुसता तारा होता, आणि दुरून तो जर्मन क्रूसासारखा भासू शकतो असे लक्षात आले. म्हणून १९४३ मध्ये त्याभोवती वर्तुळ काढण्यास सुरुवात झाली. वर्तुळ जागोजागी तुटलेले दिसते ते स्टेन्सिलमुळे, म्हणजे आकार कापलेल्या ज्या पत्र्यावरून रंग मारतात त्यामुळे, कारण आतला आणि बाहेरचा पत्रा जोडून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या जागी रंग लागत नाही. ती फट पुढे हाताने भरून काढायला आघाडीवर कोणाला सवड होती? माझ्या प्रतिरूपासोबत आलेल्या माहितीपत्रकात या फटी जपण्याची खास सूचना आहे, म्हणजे एकेकाळच्या घाईचा अवशेष आज आम्ही हौशी लोक भिंगाखाली धरून निगुतीने जपतो.

जर्मनांचा अनुभव याच्या उलट बाजूचा होता. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर चालून जाताना त्यांच्या रणगाड्यांवर भरीव पांढरे क्रूस रंगवलेले होते. ते इतके सुरेख दिसत की पोलिश रणगाडाविरोधी तोफांच्या गनरांना नेम धरण्यासाठी आयतेच ठिकाण मिळाले. तेव्हा रणगाड्यांवरील सैनिकांनीच त्या क्रूसांवर चिखल फासला, काहींनी आतला भाग पिवळट रंगाने भरला, आणि पुढे भरीव क्रूसाऐवजी केवळ त्याची बाह्यरेखा काढण्याची पद्धत आली. शत्रूची तोफ समोर असताना ओळखचिन्हाची किंमत त्या सैनिकांनी किती अचूक ठरवली होती, हे त्या चिखलावरून दिसते. त्यानंतरच्या मोहिमांत त्यांनी आपल्याच विमानांपासून बचाव व्हावा म्हणून रणगाड्याच्या मागील भागावर स्वस्तिकाचे लाल झेंडे पसरून बांधले. आणि आकाशात शत्रूची विमाने अधिक झाली तेव्हा तेच झेंडे मुकाट्याने गुंडाळून ठेवले.

वाहने दोन्ही बाजूंची वेगळी असतील तर त्यांच्या आकारावरूनही काही ओळख पटते. खरी पंचाईत होते ती दोन्हीकडे एकच वाहन असेल तेव्हा. पहिल्या महायुद्धात रणगाडे प्रामुख्याने ब्रिटिश आणि फ्रेंचांकडे होते, आणि जर्मनांनी पकडलेले ब्रिटिश रणगाडे मोठमोठे क्रूस रंगवून परत ब्रिटिशांवरच चालवले. त्यामुळे १९१८ मध्ये ब्रिटिशांना आपल्या रणगाड्यांवर पांढरे-लाल-पांढरे उभे पट्टे काढावे लागले. हेच पट्टे १९४१ मध्ये वाळवंटातील लढायांत पुन्हा अवतरले. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत संघ आणि त्याचे सहकारी देश चेकोस्लोव्हाकियात घुसले तेव्हा तर आक्रमण करणारे आणि ज्यांच्यावर आक्रमण झाले ते, अशा दोघांकडेही एकाच घडणीचे टी-५४ आणि टी-५५ रणगाडे होते, कारण कालपर्यंत ते एकाच लष्करी कराराचे भागीदार होते. आत शिरणाऱ्या प्रत्येक वाहनावर आडवा-उभा पांढरा पट्टा ओढलेला होता. राजधानी प्रागच्या रस्त्यांवरील छायाचित्रांत रणगाड्यांपाठोपाठ हा पट्टाच डोळ्यांत भरतो, आणि ज्या रणगाड्यावर तो नाही तो परका, एवढा सोपा हिशेब त्यामागे होता.

बर्लिनच्या वेशीवर १९४५ मध्ये निराळाच पेच उभा राहिला. पूर्वेकडून सोव्हिएत रणगाडे येत होते, पश्चिमेकडून ब्रिटिश आणि अमेरिकी विमाने येत होती, आणि दोन्ही मित्रांनी एकमेकांची वाहने प्रत्यक्षात फारशी पाहिलेली नव्हती. म्हणून सोव्हिएत रणगाड्यांच्या टरेटभोवती, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या घुमटाभोवती, पांढरा पट्टा आणि छतावर पांढरे चिन्ह रंगवण्यात आले. त्या काळची छायाचित्रे पाहताना तो पट्टा शोभेचा वाटतो. वास्तविक तो आकाशातील मित्रांना केलेला विनवणीवजा इशारा होता.

आकाशातून होणारा मारा हा या विषयातील सर्वांत भयंकर भाग आहे, आणि त्याची उलट बाजू, म्हणजे जमिनीवरून आपल्याच विमानांवर होणारा मारा, तितकीच भयंकर आहे. ११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीच्या किनाऱ्यावर अमेरिकी छत्रीधारी सैनिकांना घेऊन १४४ सी-४७ वाहतूक विमाने आली. किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या आपल्याच आरमारावर त्या दिवशी जर्मन विमानांनी हल्ले केले होते, तोफांवरची माणसे थकलेली आणि चिडलेली होती, आणि अंधारात एका तोफेने आग ओकली की शेजारच्या सगळ्या तोफांना ती आज्ञाच वाटते. २३ विमाने पाडली गेली, ३७ जायबंदी झाली. आपली विमाने येणार असल्याची सूचना आधी देण्यात आली होती. ती सर्वांपर्यंत पोहोचली नाही आणि जेथे पोहोचली तेथेही ती त्या क्षणी कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरले त्या वेळी बहुतेक सर्व दोस्त विमानांवर काळे-पांढरे पट्टे रंगवण्यात आले, त्यामागे सिसिलीची ती रात्र होती. तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे पंखांवर आणि धडावर असत. एकइंजिनी विमानांवर प्रत्येक पट्टा १८ इंच, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर रुंद, आणि दुइंजिनी विमानांवर २४ इंच रुंद असावा असे ठरले. चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानांना त्यातून वगळले गेले, कारण जर्मनांकडे तशी विमाने इतकी थोडी होती की गोंधळ होण्याची शक्यताच नव्हती. मला या योजनेत सर्वाधिक आवडते ते तिचे वेळापत्रक. निर्णय मे महिन्यात झाला. परंतु प्रत्यक्ष रंग लावण्याची आज्ञा जून १९४४ च्या पहिल्या दिवसांत, सैन्य उतरण्याच्या अगदी तोंडावर देण्यात आली. चिन्ह शत्रूला आधी कळले असते तर त्यानेही ते रंगवले असते, हे योजनाकारांना पक्के ठाऊक होते. परिणामी हजारो विमानांवर घाईघाईने, हाताला येतील त्या कुंचल्यांनी पट्टे ओढले गेले, आणि जुन्या छायाचित्रांतील वाकड्यातिकड्या कडा त्याची साक्ष देतात. महिनाभरातच वरच्या बाजूचे पट्टे पुसण्याचे आदेश निघाले, कारण फ्रान्समधील धावपट्ट्यांवर उभी असलेली विमाने त्या पट्ट्यांमुळे वरून फारच स्पष्ट दिसू लागली.

ही गोष्ट यशाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. परंतु त्याच उन्हाळ्यात, त्याच नॉर्मंडीत घडलेली दुसरी एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. १४ ऑगस्ट १९४४ रोजी फालेझच्या दिशेने कॅनडाचे आणि पोलंडचे सैन्य पुढे सरकत होते आणि ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने त्यांच्यापुढील जर्मन ठाण्यांवर मारा करणार होती. काही विमानांनी चुकून आपल्याच सैन्यावर बॉम्ब टाकण्यास सुरुवात केली. खालच्या सैनिकांनी शिकवल्याप्रमाणे पिवळा धूर सोडला, कारण आपले सैन्य येथे आहे हे विमानांना सांगण्याची खूण पिवळा रंग अशी ठरलेली होती. मात्र ती खूण ठरली होती ती सैन्य आणि त्याच्या मदतीला नेहमी येणारी लढाऊ विमाने यांच्यात. बॉम्बफेकी दलाला ती कळवलेली नव्हती, आणि त्या दलात लक्ष्य दाखवण्यासाठी जे रंगीत दिवे टाकले जात त्यांचा त्या दिवशीचा रंगही पिवळाच होता. सैनिक जितका अधिक पिवळा धूर सोडत गेले, तितके वरच्यांना लक्ष्य अधिक स्पष्ट होत गेले. त्या सैनिकांनी काहीही चुकीचे केले नव्हते आणि विमानांतील माणसांना त्या धुराचा ठरलेला अर्थ ठाऊकच नव्हता. खूण दोन्हीकडे होती, एकच होती आणि तिचे अर्थ दोन होते.

ही घटना वाचल्यापासून चिन्हाविषयीचा माझा विचारच बदलला. आपण चिन्ह वाहनावर असते असे धरून चालतो. वस्तुतः ते अर्धे वाहनावर आणि अर्धे पाहणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि डोक्यातला अर्धा भाग कोणत्याही स्टेन्सिलने रंगवता येत नाही.

शत्रूने चिन्हाची नक्कल करणे हा तर जुनाच धंदा आहे. डिसेंबर १९४४ मध्ये आर्देन्सच्या जंगलात जर्मनांनी काही पँथर रणगाड्यांना पातळ पत्रे ठोकून अमेरिकी एम-१० या रणगाडाविरोधी वाहनाचे रूप दिले आणि वर पांढरे तारे रंगवले. गंमत अशी की या बहुरूप्यांना आपल्याच जर्मन तोफांपासून वाचवण्यासाठी आणखी वेगळ्या, गुप्त खुणा ठरवाव्या लागल्या.

महायुद्धानंतर वाहने बदलली, तोफांचे पल्ले वाढले, आणि इराकविरुद्धच्या १९९१ च्या आखाती युद्धात ही जुनी समस्या एका नव्या रूपात समोर आली. त्या युद्धात अमेरिकेचे १४८ सैनिक प्रत्यक्ष लढाईत मारले गेले आणि त्यांपैकी ३५ जण आपल्याच बाजूच्या माऱ्यात मारले गेले. शत्रू दुबळा असला की हे प्रमाण मोठे दिसणारच, असा युक्तिवाद केला जातो आणि त्यात तथ्यही आहे. पण तेवढ्याने विषय संपत नाही. अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांच्या फौजांनी आपल्या वाहनांवर उलट्या इंग्रजी व्ही अक्षराचे चिन्ह रंगवले होते आणि छतावर चमकदार नारिंगी कापडाचे पट्टे बांधले होते. तरीही २६ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकी ए-१० विमानांनी ब्रिटिशांच्या दोन वॉरियर चिलखती वाहनांवर क्षेपणास्त्रे डागली आणि नऊ सैनिक मारले गेले. त्याआधी २९ जानेवारीच्या रात्री सौदी-कुवेत सीमेवर अमेरिकी मरीन दलाची दोन चिलखती वाहने आपल्याच क्षेपणास्त्रांना बळी पडून अकरा जण गेले होते. त्यांतील एक क्षेपणास्त्र शेजारच्याच वाहनाने सोडले होते.

याचे एक कारण थर्मल दुर्बिणीत दडलेले आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. ही दुर्बीण वस्तूवर पडून परतलेला उजेड पाहत नाही, वस्तूने स्वतः बाहेर टाकलेली उष्णता पाहते. रात्री, धुळीत, धुरातही तिला दोन-तीन किलोमीटरवरचे वाहन एखाद्या निखाऱ्यासारखे दिसते. परंतु पोलादावर रंगवलेले चिन्ह पोलादाएवढेच गरम असते, आणि पांढरा रंग व वाळूचा रंग उष्णता जवळपास सारख्याच प्रमाणात बाहेर टाकतात. म्हणजे डोळ्यासाठी रंगवलेली खूण थर्मल दुर्बिणीसाठी कोऱ्या पाटीएवढीच बोलकी. वाहन आहे हे फार दुरून कळू लागले, ते कोणाचे आहे हे कळण्याचे अंतर मात्र तेवढे वाढले नाही, आणि तोफेचा पल्ला पहिल्या अंतराशी जुळवलेला होता. या दोन अंतरांमधल्या पट्ट्यात सापडलेले प्रत्येक वाहन हे गनरच्या अंदाजावर जगते किंवा मरते.

त्या युद्धानंतर आलेला उपाय मला बुद्धिमान वाटतो. वाहनाच्या बाजूंवर खिडकीच्या झडपांसारखे तिरके पत्रे बसवायचे आणि त्यांवर असा चकचकीत पापुद्रा लावायचा, की जो स्वतः फारच थोडी उष्णता बाहेर टाकतो आणि समोरची उष्णता आरशासारखी परावर्तित करतो. पत्रा किंचित वर वळलेला असल्यामुळे त्यात आकाशाचे प्रतिबिंब पडते, आणि निरभ्र आकाश थर्मल दुर्बिणीला अतिशय थंड दिसते. त्यामुळे तापलेल्या वाहनाच्या अंगावर एक चौकोनी थंड भोक पडल्यासारखे दिसते. छतावर टाकण्यासाठी याच तत्त्वाचे कापडही असते. साध्या डोळ्याला त्यात विशेष काही दिसत नाही, म्हणून चिन्ह मित्रालाच दिसावे ही जुनी अपेक्षा येथे बऱ्याच अंशी पूर्ण होते, निदान शत्रूकडे तशी दुर्बीण नसेल तोवर. पण आकाश ढगाळ असले की प्रतिबिंबातला थंडावा कमी होतो, आणि पत्र्यावर धूळ किंवा चिखल बसला की आरसा आंधळा होतो. युद्धभूमीवर धूळ आणि चिखल यांची टंचाई कधी ऐकिवात नाही. रात्रीसाठी याच जोडीला छोट्या विद्युतघटावर चालणारे अवरक्त दिवे आले, जे नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत आणि रात्री पाहण्याच्या चष्म्यातून लुकलुकताना दिसतात. असे चष्मे ज्या काळी थोड्याच सैन्यांकडे होते त्या काळी ही युक्ती उत्तम होती; आता ते पुष्कळांकडे आहेत.

आता २८ मार्च २००३ ची घटना सांगतो, जी मी या लेखासाठी वाचलेल्या साऱ्या घटनांत सर्वांत अस्वस्थ करणारी आहे. इराकमध्ये बसऱ्याच्या उत्तरेस ब्रिटिशांच्या हलक्या चिलखती वाहनांचा ताफा चालला होता आणि त्यांच्यावर ठरल्याप्रमाणे नारिंगी पट्टे होते. वरून दोन अमेरिकी ए-१० विमाने आली. या भागात आपली वाहने नाहीत असे वैमानिकांना सांगण्यात आले होते. पुढे प्रसिद्ध झालेल्या विमानातील ध्वनिचित्रफितीवरून असे दिसते की वैमानिकांना तो नारिंगी रंग दिसला, त्यांनी त्याविषयी आपसात चर्चा केली, हे ओळखीचे पट्टे असावेत अशी शंकाही बोलून दाखवली. आणि अखेर ते नारिंगी रंगाचे अग्निबाण असावेत अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी मारा केला. एक सैनिक मारला गेला, काही जखमी झाले. चिन्ह जागेवर होते, ते स्वच्छ होते, ते दिसलेदेखील. जे सांगितले गेले होते त्याच्याशी ते जुळत नव्हते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूला मनाने दुसरे नाव दिले. चित्रफितीत पुढे आपली चूक कळल्यानंतरचे त्यांचे आवाज ऐकू येतात. त्यांच्याविषयी कठोर बोलणे मला जमत नाही आणि मारल्या गेलेल्याच्या कुटुंबाने ते बोलू नये असे म्हणणेही मला शोभणार नाही.

चिन्ह डोळ्यांवर सोपवण्यापेक्षा यंत्रावर सोपवावे, हा विचार जुना आहे. ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटन युद्धात उतरून तीन दिवस होतात न होतात तोच, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपलीच दोन हरिकेन विमाने पाडली, आणि रडारच्या लहरीला संकेताने उत्तर देणारे यंत्र विमानांवर बसवण्याच्या कामाला त्यानंतर वेग आला. परंतु यंत्रालाही योग्य संकेत भरावा लागतो आणि ते चालू ठेवावे लागते. १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकमध्ये दोन अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरांमध्ये त्या भागासाठी ठरलेला संकेत भरलेला नव्हता. अमेरिकी एफ-१५ विमानांनी जवळ जाऊन डोळ्यांनीही पाहिले, त्यांना ती सोव्हिएत बनावटीची वाटली आणि २६ जण मारले गेले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम येथे भारतीय हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले, सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरील एक नागरिक प्राणास मुकले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ती मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले.

जमिनीवरील वाहनांसाठी असे प्रश्नोत्तरी यंत्र करण्याचे प्रयत्न झाले, पण प्रत्येक ट्रकवर ते बसवणे खर्चाचे ठरले. त्याऐवजी २००३ पासून उपग्रहाच्या साहाय्याने आपापले स्थान कळवणारी आणि नकाशावर निळ्या ठिपक्यांनी दाखवणारी प्रणाली अमेरिकी सैन्यात पसरली. तिने खूप काही सुधारले यात शंका नाही, कारण आपण कोठे आहोत हेच न कळणे हे अशा अपघातांचे नित्याचे कारण असते. मात्र नकाशावरचा ठिपका काही सेकंद, कधी काही मिनिटे जुना असतो, आणि जेथे ठिपका नाही तेथे शत्रूच आहे असा त्याचा अर्थ होत नाही. मित्रराष्ट्राचे वाहन, बिघडलेल्या यंत्राचे वाहन किंवा सामान्य नागरिकाची गाडीसुद्धा तेथे असू शकते.

इतकी प्रगती झाल्यावर रंगाचा डबा इतिहासजमा झाला असेल असे मला वाटत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या सीमेवर जमलेल्या रशियन वाहनांवर पांढऱ्या रंगात झेड आणि व्ही ही अक्षरे दिसू लागली, तेव्हा तो समज दूर झाला. दोन्ही सैन्यांकडे सोव्हिएत वारशाने आलेले टी-७२ रणगाडे आणि सैनिक वाहून नेणारी बीएमपी चिलखती वाहने होती, म्हणजे प्रागचाच पेच नव्याने उभा राहिला होता. त्या अक्षरांचे पुढे राजकीय घोषचिन्ह झाले, ते आपल्या विषयाबाहेरचे आहे. युक्रेनी बाजूने सप्टेंबर २०२२ मध्ये खारकीव्ह भागातील प्रतिहल्ल्यात पांढरे क्रूस वापरले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये रशियाच्या कुर्स्क प्रांतात शिरताना पांढरे त्रिकोण. मोहीम बदलली की चिन्ह बदलते, कारण जुने चिन्ह शत्रूच्या ओळखीचे झालेले असते. १९४४ च्या पट्ट्यांमागचे तर्कशास्त्र आजही जसेच्या तसे लागू आहे. आता पाहणारा बहुधा ड्रोनच्या पडद्यासमोर बसलेला असतो, चित्र थरथरते आणि अस्पष्ट असते, आणि त्या चित्रात पांढरा जाड त्रिकोण इतर कोणत्याही महागड्या युक्तीपेक्षा लवकर ओळखू येतो. अर्थात तो ज्याला लवकर ओळखू येतो त्यात शत्रूचा ड्रोनचालकही आला.

माझा शर्मन अजून टेबलावर आहे. शेवटचा टप्पा धूळ आणि चिखल लावण्याचा असतो आणि तेथे मला एक निर्णय घ्यायचा होता. नॉर्मंडीतील रणगाड्यांची छायाचित्रे पुन्हा काढून पाहिली, तेव्हा एक गोष्ट अनेक वाहनांवर दिसली. समोरचा आणि बाजूचा तारा सैनिकांनी हिरव्या रंगाने झाकला आहे किंवा त्यावर चिखल थापला आहे, कारण ती बाजू जर्मन तोफेला दिसते. वरचा तारा मात्र स्वच्छ राखला आहे, कारण वरून येणारी विमाने बहुतेक करून आपली होती. सैनिकांचा हा तोडगा मी माझ्या रणगाड्यावर उतरवला आहे. समोरच्या, दीड तास खपून लावलेल्या डेकॅलवर तपकिरी रंगाचा जाड हात फिरवताना जीव थोडा खालीवर झाला. वरचा तारा तसाच ठेवला आहे, त्याच्या वर्तुळातील फटींसकट.